शॉर्टवेव्हवरचे पितर

'नॉस्टॅल्जिया'साठी मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द देखणा आहे, पण तो जोडशब्द आहे आणि त्यातली दोन पदे एकमेकांशी फारशी गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. स्मरण म्हणजे आठवणे. त्यात कष्ट आहेत, क्रम आहे, क्वचित यातनाही आहेत. रंजन म्हणजे मन रमवणे, आणि मन रमायचे तर बरेच काही विसरावे लागते. वर्गात ललित गद्य शिकवताना हा प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे दरवर्षी ठेवते: एखाद्या लेखात स्मरण किती आणि रंजन किती, हे कसे ओळखायचे? या लेखात तोच प्रश्न मी स्वतःला विचारणार आहे, कारण ज्या दशकाबद्दल मला विलक्षण ओढ वाटते, ते दशक मी पाहिलेलेच नाही. माझा जन्म १९७९ चा. ओढ आहे ती १९६० ते १९७० या काळातल्या रेडिओची, आणि त्यातही भुताखेतांच्या चित्रपटांतून ऐकू येणाऱ्या, अंगात वीज खेळवणाऱ्या पाश्चात्त्य ठेक्याच्या गाण्यांची.

या ओढीला ऋतूही ठरलेला आहे. भाद्रपदाचा वद्य पंधरवडा लागला की ती सुरू होते आणि दिवाळीपर्यंत टिकते. हल्ली याच सुमारास, ऑक्टोबर संपता संपता, मुलांच्या मोबाइलवर कोरलेल्या भोपळ्यांची आणि मुखवट्यांची चित्रे फिरू लागतात. 'मॅडम, हॅलोविन म्हणजे त्यांची सर्वपित्री अमावस्या का?' असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा वर्ग हसला. मला मात्र प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. ३१ ऑक्टोबरची रात्र ही ख्रिस्ती पंचांगातल्या सर्व संतांच्या सणाची पूर्वरात्र. त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, सर्व मृतात्म्यांचा दिवस येतो. गोव्यात त्या दिवशी दफनभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. म्हणजे सुगीच्या तोंडावर, दिवस लहान होऊ लागताना, गेलेल्यांची आठवण काढावी, असे निरनिराळ्या मुलखांतल्या माणसांना वाटलेले दिसते. फरक इतकाच की अमेरिकेत त्या रात्रीचे रूपांतर पोरांच्या खेळात झाले, तर आपल्याकडे ते काम पानावर वाढलेल्या भातापाशी आणि कावळ्याच्या प्रतीक्षेपाशी राहिले.

अमेरिकेत त्या खेळाला रेडिओने संगीत पुरवले. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सने परग्रहवासीयांच्या आक्रमणाचे नभोनाट्य बातम्यांच्या थाटात सादर करून काही श्रोत्यांना खरोखरच घाबरवले होते. पुढे १९६२ च्या ऑक्टोबरात बॉबी पिकेटचे 'मॉन्स्टर मॅश' हे गाणे तिथल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. भयपटांतला नट बोरिस कार्लोफ याच्या आवाजाची नक्कल करत, नाचाच्या ठेक्यावर भुतांची मेजवानी रंगवणारे हे गाणे. भीतीचे विडंबन करून तिला नाचायला लावायचे, ही रॉक अँड रोलच्या काळाची वृत्ती त्यात पुरेपूर उतरली आहे.

त्याच १९६२ मध्ये आपल्याकडे 'बीस साल बाद' आला. हेमंतकुमारांचे संगीत आणि अंधारातून येणारा लताबाईंचा स्वर. इथे भुताचे विडंबन नव्हते. इथे भूत आर्ततेने साद घालत होते. ही परंपरा 'महल'पासूनची, म्हणजे १९४९ पासूनची. खेमचंद प्रकाश यांनी बांधलेल्या त्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी चित्रपटातल्या पात्राचे, कामिनीचे, नाव छापले होते आणि गाणारी कोण, अशी विचारणा श्रोते रेडिओकडे करू लागले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. मला ती फार अर्थपूर्ण वाटते. आवाज आहे, पण देह नाही आणि नावही नाही, अशी ती अवस्था. भुताची व्याख्या याहून वेगळी काय करणार? पुढे १९६४ मध्ये 'कोहरा' आणि 'वो कौन थी' आले. त्याच वर्षी मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला, आणि त्यावरून राज खोसला यांनी १९६६ मध्ये 'मेरा साया' केला. हिंदीतल्या या सावल्यांच्या दुनियेला मराठीनेही एक सावली उसनी दिली होती, ही गोष्ट आपण मराठीच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

रॉक अँड रोल या भूतबंगल्यात शिरला तो १९६५ मध्ये. त्याची पूर्वतयारी आधीच झालेली होती. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी १९५७ च्या 'आशा'मध्ये निरर्थक अक्षरांच्या गाण्यावर अख्खा देश डोलवला होता. शंकर-जयकिशन आणि शम्मी कपूर यांनी १९६१ च्या 'जंगली'त एका आरोळीचेच गाणे केले होते. पण १९६५ साली दोन चित्रपटांनी भय आणि ठेका यांची गाठ घातली. मेहमूदच्या 'भूत बंगला'त राहुलदेव बर्मन यांनी चबी चेकरच्या ट्विस्टवरून बेतलेले गाणे मन्ना डे यांच्याकडून गाऊन घेतले. मन्ना डे, ज्यांचे नाव आपण रागदारीच्या संदर्भात घेतो! आणि राजा नवाथे यांच्या 'गुमनाम'च्या आरंभी काळे मुखवटे घातलेल्या नर्तकांच्या घोळक्यात लक्ष्मी छाया बेभान नाचली. मागे मोहम्मद रफींचा आवाज, पडद्यावर टेड लायन्स आणि त्यांचे 'कब्ज' हे वाद्यवृंद. अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवर सैलसर बेतलेल्या त्या कथेत पुढे एकेक पात्र मरत जाते. म्हणजे मुखवटे, नाच आणि मरण हे तिन्ही एकत्र. हॅलोविनचे नावही न घेता हिंदी चित्रपटाने स्वतःची हॅलोविनची रात्र घडवली होती.

हे सारे देवणीला कसे पोहोचले, हा खरा प्रश्न. माझ्या वडिलांच्या तरुणपणी देवणी हे उदगीर तालुक्यातले मोठे खेडे होते. जनावरांच्या पारख्यांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या देवणी बैलामुळे ते प्रसिद्ध, एरवी फारसे कुणाला ठाऊक नसलेले. पलीकडे बीदर, म्हणजे कर्नाटक. बाजारात मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच तागडीत तोलल्या जात. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आजोबांच्या पिढीचे शिक्षण उर्दूतून झालेले. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाला हिंदी चित्रगीतातली उर्दू जशी थोडी परकी, म्हणून मोहक वाटे, तशी ती आमच्याकडे वाटत नसे. आजोबांना त्या गाण्यांतल्या एखाद्या शब्दाचा उच्चार खटके आणि ते गाणे थांबेपर्यंत पुटपुटत राहत. मराठवाड्याच्या रेडिओश्रवणाचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात ही भाषिक जवळीक यायला हवी.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी, १९६८ साली, त्यांनी उदगीरहून मर्फीचा ट्रान्झिस्टर आणला. रेडिओ बाळगायचा तर तेव्हा पोस्टात परवान्याचे शुल्क भरावे लागे. ते पुस्तक अजून घरात आहे. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन-चार दिवस ओढता येतात, हे ज्ञान त्या काळी घरोघरी होते. आणि काटा सिलोनवर. याचे कारणही सांगायला हवे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर यांना चित्रपटसंगीत आकाशवाणीच्या योग्यतेचे वाटत नव्हते. त्यांच्या धोरणामुळे ती गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली, आणि श्रोते समुद्रापलीकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेले प्रक्षेपक आता रेडिओ सिलोनच्या हाती होते. तिथून त्याच १९५२ च्या डिसेंबरात अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आकाशवाणीने विविधभारती सुरू केली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. तोवर बुधवारची रात्र आठची वेळ सिलोनने कायमची जिंकली होती.

याच आकाशवाणीने १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' दिले, मर्ढेकर, पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर अशा लेखकांना नोकरी आणि श्रोते दिले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण शिक्षकांच्या खोलीत बोलताना आपण रेडिओचा हा वाङ्मयीन वंशवृक्षच पुढे करतो. दुसरा वंश, सिलोनच्या ट्विस्टचा, आपल्याला सांगावासा वाटत नाही. अण्णांच्या मनात मात्र दोन्ही वंश एकाच बाजेवर बसलेले असत.

मी ऐकू लागले तेव्हा १९८० चे दशक होते. साठीतली गाणी जुनी झाली होती, परंतु आमच्या घरात ती ताजीच होती, कारण अण्णांच्या रेडिओने ती तशी राखली होती. शॉर्टवेव्हचा आवाज सरळ येत नाही. ती लहर वर आयनांबरावर आपटून परत खाली येते, आणि ते थर हलते असल्यामुळे आवाज चढतो, उतरतो, मध्येच खोल विहिरीत गेल्यासारखा होतो. सूर्य मावळला की दूरची केंद्रे अधिक स्पष्ट होत. तेव्हा रात्रीच्या अंधारात, वीज गेलेल्या घरात, 'बीस साल बाद'चे गाणे असे खाली-वर होत येई आणि मी आजीच्या गोधडीत शिरत असे. आजीकडे मुंजा, हडळ, खवीस यांचा सारा गणगोत होता. तिचे म्हणणे असे की भुताला सावली नसते आणि त्याचे पाय उलटे असतात. मग रेडिओतल्या बाईला तर पायच नाहीत, असे मी म्हणाले, तेव्हा अण्णा मोठ्याने हसले आणि त्यांनी काटा किंचित सरकवला. पुढचे गाणे 'भूत बंगला'चे लागले असते तर गोष्ट छान झाली असती. तसे झाले नाही, बातम्या लागल्या. स्मरणरंजन अशा ठिकाणी चटकन हात मारते आणि हवे ते गाणे लावून देते, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

सकाळी साडेसातला सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि त्या कार्यक्रमातले शेवटचे गाणे कुंदनलाल सैगल यांचे असे. सैगल १९४७ च्या जानेवारीत गेले. म्हणजे रोज सकाळी एक गेलेला माणूस येऊन गाई आणि त्याच्या आवाजावर आमच्या घरात शाळेची घाई सुरू होई. वर्षातून एक पंधरवडा पितर येतात असे आजी म्हणे. रेडिओत ते रोज येत होते, वेळेवर येत होते, आणि त्यांच्यासाठी खीर करावी लागत नव्हती. आवाज माणसानंतर उरतो, ही गोष्ट ध्वनिमुद्रणाआधीच्या माणसाला नुसती कल्पिता येत होती. आमच्या पिढीला ती चहाबरोबर मिळाली, म्हणून तिचे आश्चर्य उरले नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपेत गाडली गेली. आम्ही तिथून बरेच दूर. घर हलले, भांडी पडली, सगळी गल्ली रस्त्यावर आली, एवढेच. नेमके काय घडले ते कळले रेडिओवरून. मी चौदा वर्षांची होते. पुढे कितीतरी रात्री आम्ही घराबाहेर बाजा टाकून झोपलो. मध्ये रेडिओ आणि भोवती शेजारीपाजारी. दर बातमीपत्रात आकडा वाढत होता, शेवटी तो हजारोंत गेला. आणि लगोलग पितृपक्ष लागला.

त्या वर्षी गल्लीत कुणी भुताची गोष्ट सांगितली नाही. कुणी मनाई केली नव्हती. पण भूत म्हणजे अनोळखी मेलेला, आणि आता मेलेल्यांना गाव होते, आडनाव होते. कुणाची मावशी, कुणाच्या शाळेतले सोबती. आजी एवढेच म्हणाली, 'आता त्या गावांची तिथी एकच.' आमच्याकडे श्राद्ध तिथीवार घालतात. वेगवेगळ्या तिथींना वेगवेगळी घरे रांधतात, एकमेकांकडे जेवायला जातात. अख्ख्या गावाची तिथी एक झाली, तर कोण कुणाकडे जेवायला जाणार? त्या काळात एका रात्री कुणीतरी बातम्यांनंतर काटा फिरवला आणि 'गुमनाम'चे गाणे लागले, मुखवट्यांचे नव्हे, लताबाईंचे, त्या अनामिकाचे. अण्णांनी रेडिओ बंद केला. मला वाटते, त्या क्षणी माझ्यासाठी साठीचे दशक नुसते रंजन राहिले नाही.

पण ते संपलेही नाही, याचे श्रेय वेळा अमावस्येला. लातूर-उस्मानाबादकडची ही मार्गशीर्षातली अमावस्या, आमची येळवस. एरवी ज्या रात्रीला लोक टरकतात, त्या अमावस्येला आमच्याकडे सारे गाव शेतात जाते. कडब्याची खोप, तिच्यात पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. येईल त्याला जेवू घालायचे. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसते. भूकंपानंतरच्या येळवशीला जायचे की नाही, यावर घरात चर्चा झाली. आजी म्हणाली, काळ्या आईचा वाटा चुकवायचा नाही. अण्णांनी खोपीच्या मेढीला रेडिओ टांगला. दुपारी जेवणे झाल्यावर विविधभारतीवर शम्मी कपूरचे काहीतरी लागले आणि आमचे दोन चुलते, आंबिलीने सुस्तावलेले, हरभऱ्याच्या बांधावर ट्विस्ट करू लागले. ट्विस्टचे नावही त्यांना ठाऊक नसावे. पायाखालची सिगारेट विझवावी तसे पाय फिरवायचे, इतके त्यांना कळले होते. सगळे हसले. सप्टेंबरनंतर आमच्या घरातली माणसे एवढी हसलेली मी प्रथमच पाहिली. अमेरिकेतल्या पोरांनी मुखवटे घालून भुताला नाचवले. आम्ही अमावस्येच्या दिवशी, उघड्या तोंडाने, नुकत्या मेलेल्यांच्या शेजारी नाचलो. यांपैकी अधिक धीट कोण, हे मी सांगू शकत नाही.

आता हिशोबाची दुसरी बाजू. साठीच्या रेडिओविषयी लिहिणारे आपण बहुतेक सारे ज्यांच्या घरात रेडिओ होता त्यांची मुले आहोत. गावात संच मोजके होते. आमच्या ओसरीवर कोण बसे, पायरीवर कोण बसे आणि रस्त्यापलीकडे उभे राहून कोण ऐके, हे जातीने ठरलेले होते, आणि आवाज सर्वांपर्यंत सारखा पोहोचे म्हणून ते अंतर मिटत नव्हते. घरातही काटा फिरवण्याचा अधिकार पुरुषांचा. आईने ती सारी गाणी चुलीपाशी, भिंतीआडून ऐकली. तिला विचारले की ती म्हणते, 'अर्धीच ऐकू यायची. फोडणी टाकली की गेलं.' साठीच्या सुवर्णयुगाची ही चुलीपाशी ऐकलेली आवृत्ती कोणत्याही संकलनात नाही.

आणखी एक अनुपस्थिती त्या रेडिओतच होती. निवेदक चित्रपटाचे नाव सांगे, गायक, गीतकार, संगीतकार सांगे. ज्यांनी त्या गाण्यात रॉक अँड रोल खरोखर वाजवला, त्यांची नावे येत नसत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम, गिटार वाजवणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. सी. रामचंद्रांबरोबर काम करणारा चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंदसंयोजन करणारे सेबास्टियन डिसूझा. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. स्वरलेखन वाचणारी, सुरावटींच्या मागे सुरावटी रचणारी ही माणसे. देवणीच्या बांधावर माझ्या चुलत्यांचे पाय ज्या ठेक्यावर फिरले, तो त्यांच्या हातांचा होता. २ नोव्हेंबर हा त्यांच्या घरचा पितरांचा दिवस. 'गुमनाम' या शब्दाचा अर्थच नाव हरवलेला.

या गाण्याला पुढे एक विचित्र पुनर्जन्म मिळाला. २००१ मध्ये अमेरिकेत 'घोस्ट वर्ल्ड' नावाचा चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीला आपल्या गावाला कंटाळलेली एक अमेरिकन मुलगी टीव्हीवर 'गुमनाम'मधला मुखवट्यांचा नाच पाहते आणि त्याबरोबर नाचते. त्यांचेच वाद्य, त्यांचाच ठेका, मुंबईत गोमंतकीय हातांनी वाजवलेला, परत त्यांच्याकडे गेला, आणि त्या मुलीला तो दुसऱ्याच जगातला वाटला. तिलाही आपण न पाहिलेल्या काळाची ओढ लागली होती. वर्गात ही दोन दृश्ये मी एकापाठोपाठ एक दाखवते. तेव्हा मुले 'उसने कुणाचे?' असा प्रश्न विचारायचे थांबतात आणि 'आठवण कुणाची?' असे विचारू लागतात. तौलनिक साहित्याच्या तासाला मला एवढेच हवे असते.

अण्णा २०११ मध्ये गेले. अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. आता ती सारी गाणी मोबाइलवर हव्या त्या क्षणी, खरखरीशिवाय मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरखर ही काही संस्कृती नव्हे. मात्र श्राद्धविधीतली एक गोष्ट मला अधिकाधिक पटू लागली आहे. तिथे नुसते हळहळून भागत नाही. नाव घ्यावे लागते, पिढ्या मोजाव्या लागतात, कुणाला तरी जेवू घालावे लागते. स्मरणाला तिथे काम लावलेले आहे. आणि ज्यांची तिथी माहीत नाही, नाव माहीत नाही, त्यांच्यासाठी पंधरवड्याचा शेवटचा दिवस राखून ठेवलेला आहे. कुणीही सुटू नये म्हणून केलेली ही सोय मला आपल्या परंपरेतल्या सर्वांत समंजस गोष्टींपैकी एक वाटते.

म्हणून स्मरण किती आणि रंजन किती, या प्रश्नाला माझ्यापुरते मी असे उत्तर दिले आहे: जुने गाणे ऐकून डोळे भरले, तर ते रंजन. ते ऐकताना मागचा ट्रम्पेट कुणी वाजवला, पायरीवर कोण बसले होते आणि चुलीपाशी अर्धेच कुणाला ऐकू आले, याची चौकशी सुरू झाली, तर ते स्मरण. आमच्या एम. ए.च्या मुलांना या वर्षी मी हेच काम दिले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून रेडिओच्या आठवणी लिहून आणायच्या, पण प्रत्येक आठवणीत निदान एक असे नाव हवे, जे आजवर कुणी लिहून ठेवलेले नाही. वह्या सर्वपित्रीपर्यंत द्यायच्या आहेत.